बत्तीवाली सुई घ्यावी का?

काळी लोकर मगरिबनंतर हातात घेऊ नये, असं आमच्या घरातल्या बायका म्हणायच्या. त्यात शकुन-अपशकुन काही नव्हता. काळ्या लोकरीत एक खांब कुठे संपला आणि पुढचा कुठे घालायचा, हे भर दिवसाही धड दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली काय दिसणार? २००५-०६च्या भारनियमनात तर आमच्या वऱ्हाडात संध्याकाळ म्हणजे कंदील, नाहीतर चार्जिंगची बत्ती. ती बत्ती अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या पुढ्यात असायची. अम्मी तिच्या कडेला सांडलेल्या उजेडात विणायची.

म्हणून टोकातून उजेड देणाऱ्या क्रोशाच्या सुईचा व्हिडिओ पाहिला तेव्हा मला त्याचं हसू आलं नाही. यंदा दोघींनी मला विचारलं, घ्यावी का? एक अमरावतीतल्या आमच्या शाळेतल्या मॅडम. लेकीच्या रुखवतात हातचं काहीतरी असावं म्हणून त्यांनी पुन्हा विणायला घेतलंय. दुसरी माझी अकोल्याची खाला. ती रमजानच्या आधी जाळीच्या टोप्या विणते. थोड्या मोहल्ल्यातल्या, जास्त एका दुकानदाराच्या. तिने विचारलंही नाही, सरळ सांगितलं, "बेटा, वो बत्तीवाली सुई मेरेकू मंगा दे." मी एक संच मागवला आणि दीड महिना वापरला.

वस्तू फसवी नाही. सुई पारदर्शक प्लास्टिकची असते, मुठीत छोटा एलईडी आणि सेल. उजेड प्लास्टिकच्या आतल्या आत भिंतींवर आपटत पुढे जातो आणि आकड्याशी येऊन बाहेर पडतो. विज्ञानाच्या पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. इंटरनेटची फायबर केबल याच तत्त्वावर चालते. सुईवर चरे पडले की मात्र उजेड वाटेतच गळू लागतो. पोलादी सुया ठेवतो तशी ही सुई कात्री-किल्ल्यांसोबत डब्यात टाकून चालत नाही.

काळ्या लोकरीवर तिने खरंच काम केलं. आकडा घरात शिरला की ते घर आतून उजळतं, आजूबाजूचे धागे वेगळे दिसतात. लाइट गेलेली असताना मी काळ्या शालीच्या चार ओळी विणल्या आणि एकही खांब चुकला नाही. गडद निळं, मरून, तपकिरी, असं काही जाड लोकरीत करणार असाल तर पैसे वाया जाणार नाहीत. मूठ जाड असल्याने बोटंही कमी आखडतात.

पण टोपी? इथे गाडी अडते. या सुया साधारण अडीच मिलिमीटरपासून पुढे मिळतात. टोपीच्या दोऱ्याला लागणारी पोलादी सुई एक मिलिमीटरच्या आसपासची, कधी त्याहून बारीक. तेवढ्या जाडीची प्लास्टिकची सुई पहिल्याच घट्ट टाक्याला मोडेल. मी हट्टाने टोपीचा पांढरा दोरा अडीचच्या सुईवर घेऊन पाहिला. जाळी एवढी मोठी पडली की टोपी कसली, कांद्याची पिशवी झाली. शिवाय पांढऱ्या दोऱ्यावर आपल्याला टाका दिसतो तो त्याच्या बारीक सावलीमुळे. बाजूने उजेड आला की प्रत्येक खांबाला कड येते. उजेड आकड्यातूनच आला तर ती सावली पुसली जाते आणि सगळं पांढरंफटक दिसतं.

स्वेटरच्या बत्तीवाल्या सुयांचं तर मला अजिबात पटलं नाही. सरावाची बाई स्वेटर बोटांनी विणते, डोळ्यांनी नाही. सुटलेलं घर उचलायचं असेल तेव्हाच वाकून पाहावं लागतं, आणि तेवढ्यासाठी मोबाइलची टॉर्च आहे. प्लास्टिकवर लोकर अडखळते ते वेगळंच.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट बघा. काही सुयांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती सुई घेऊ नका. केबलने चार्ज होणारी घ्यावी.

हे सगळं खालाला सांगितलं. म्हटलं, खाला, तुम्हाला सुई नको, चष्मा पाहिजे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं, जवळचं धूसर होतं. साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या उजेडाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. खाला बासष्टची आहे. हे तिला आधीपासून कळत होतं, फक्त शब्द माझे होते. मग तिने खरं कारण सांगितलं: दुकानदाराने चष्मा पाहिला तर म्हणेल नजर गेली, आणि काम जवान पोरींना देईल. सुईतच बत्ती असली तर कुणाला काय कळतं?

मी तिला आसामच्या चहामळ्यांची गोष्ट सांगितली. तिथे चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा आधी दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा आधी मिळालेल्यांचा खुडा बाकीच्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढला. २०१८ साली हे लॅन्सेटच्या जागतिक आरोग्यावरच्या नियतकालिकात छापून आलं. खाला म्हणाली, "वो तो पत्ता है बेटा. टोपी का घर राई जैसा रहता." माझा मुद्दा तिनेच पक्का केला.

तरी तिची भीती खोटी नाही. आंध्रातल्या नरसापूरला घरी बसून क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांचं १९८२चं पुस्तक आहे. दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या त्या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, एवढीच त्यांची नोंद. कारखान्यात दिवा मालक लावतो. फावल्या वेळाचा दिवा कोण लावणार? खालाच्या घरात ट्यूबलाइट आहे, पण ती टीव्हीच्या वर. तिच्या कोपऱ्यात तिची स्वतःचीच सावली टोपीवर पडायची.

मी अकोल्याला गेले, डोळे तपासून घेतले, चष्मा करून दिला. बोर्डाच्या तारेला एक वाकवता येणारा एलईडी दिवा जोडला, तिच्या डाव्या खांद्यामागून. ती उजव्या हाताने विणते, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. दोन्ही मिळून खर्च बत्तीवाल्या सुयांच्या संचाहून फार जास्त आला नाही. ती आता असरनंतरही विणते. टोप्या द्यायला जाताना मात्र चष्मा पर्समध्ये ठेवते, आणि त्यावर माझं काही चालत नाही.

मॅडमच्या रुखवताचं काम फिकट रंगात आहे, त्यांना मी नको म्हणाले. माझा संच सध्या नववीतल्या एका मुलीकडे आहे. ती काळ्या लोकरीची पर्स विणतेय, आणि चार नंबरची सुई तिने आधीच चार्जिंगला लावायला विसरून बंद पाडली आहे.