हुकूम झेलणारे हात

शेजारच्या काकांनी मला कधी शिकवणी दिली नाही, पैशाची मदत केली नाही, की नोकरीसाठी कुठे शब्द टाकला नाही. तरी माझ्या वाचण्या-बघण्यावर सगळ्यात मोठं ऋण त्यांचंच आहे. काका भोपाळच्या भेल कारखान्यात जलटर्बाइनच्या कामावर फिटर होते. बरखेड्याच्या क्वार्टर्समध्ये आमची आणि त्यांची भिंत एकच. ड्यूटीवरून आले की चहा, आणि चहानंतर पुस्तक.

पु. ल. देशपांड्यांचं ‘राजा ओयदिपौस’ मला त्यांनीच वाचायला दिलं. राजाच्या दुर्दैवानं मी कळवळले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तो धनगर, बेटा?” तान्ह्या राजपुत्राला मारून टाकण्याचा हुकूम ज्याला मिळाला होता, तो धनगर. त्याला दया आली, त्यानं मूल दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि पुढचं सगळं त्या दयेतून घडलं. म्हातारपणी त्याचे हात मागे पिरगाळून राजा त्याच्याकडून सत्य वदवून घेतो. काका म्हणाले, “राजाला सत्य हवंय, बरोबर आहे. पण ते कोणाच्या हाडांतून काढतोय, तेही बघायला हवं.”

ग्रीक देवांमध्ये त्यांचा लाडका हेफेस्टस. लंगडा, लोहारकाम करणारा, म्हणजे कारखान्यातला माणूस. एस्किलसच्या नावावरच्या नाटकात प्रोमिथिअसला कड्याला जखडण्याचं काम देवांचा राजा झ्यूस त्याच्यावरच सोपवतो. मन घेत नाही, तरी तो घण उचलतो. माणसांसाठी अग्नी आणणारा प्रोमिथिअस सगळ्यांना आठवतो. खिळे कोणी ठोकले, हे काका विचारायचे. १९८४च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीनंतर भोपाळमध्ये तो प्रश्न पुस्तकातला उरलाच नाही. हुकूम कुठून सुटतो, आणि रात्रपाळीला यंत्रापाशी कोण उभं असतं, हे शहरानं पाहिलं होतं.

पुढे प्रकाश झांनी ‘राजनीति’चं चित्रीकरण आमच्या शहरात केलं. २०१०मध्ये चित्रपट आला. महाभारत उचलून आजच्या निवडणुकीत आणून ठेवलेलं. श्रीकृष्णाच्या जागी नाना पाटेकर, कर्णाच्या जागी अजय देवगण. निवृत्त झालेले काका माझ्याबरोबर बघायला आले. बाकीचे लोक नट ओळखण्यात दंग होते. काकांनी दाद दिली ती एकाच गोष्टीला. इथला कर्ण घरच्या ड्रायव्हरकडे वाढलेला आहे. सारथ्याचा मुलगा आजच्या काळात दुसरा कोण असणार? पुराणातला माणूस आज कुठे कामाला असता, हे ज्याला कळतं त्यालाच पुराण कळलं, असं त्यांचं मत होतं.

काका गेल्यानंतर, २०२४च्या ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सवर चार्ली कोव्हेलची ‘केऑस’ ही मालिका आली. जेफ गोल्डब्लमचा झ्यूस कपाळावरच्या एका सुरकुतीनं हादरलेला, आलिशान वाड्यात ट्रॅकसूट घालून फिरणारा. प्रोमिथिअस कड्याला जखडलेला, आणि गोष्ट तोच सांगतो. कोव्हेलनं देवांना आजचे श्रीमंत, संशयी घरमालक केलंय, यावर बरंच लिहिलं गेलं. माझी नजर मात्र झ्यूसची राणी हेरा हिच्या जीभ छाटलेल्या सेविकांवर जाऊन थांबली. लोक त्यांच्यापाशी आपली पापं कबूल करतात. त्यांनी मात्र बोलायचं नाही, हीच त्यांची नोकरी. शेजारी काका बसलेले असते तर त्यांचं बोट पडद्यावर तिथेच गेलं असतं. आठ भागांनंतर मालिका बंद झाली. झ्यूसचं पुढे काय होतं याची मला फारशी चुटपुट नाही. त्या बायकांचं काय झालं असतं, याची आहे.

मी सरकारी नोकरीत वर्षं काढली. फाइलवर ‘तत्काळ कार्यवाही करावी’ असा शेरा मारणं फार सोपं असतं. सही करण्याआधी मी विचारून घ्यायचे, हे करायला प्रत्यक्ष कोण जाणार आहे, आणि त्याला ते जमणार आहे का? त्यापायी काही आदेश बदलले, काही उशिरा निघाले, वरिष्ठांची नाराजीही झाली. ती सवय माझी नव्हे. ती बरखेड्याच्या एका फिटरकडून उसनी घेतलेली आहे, आणि वापरत राहण्याखेरीज ती फेडायची दुसरी रीत मला ठाऊक नाही.