खोबरेल, गोडेतेल आणि पिकअपचे टायर



पापड झाले, कुरडया झाल्या, साठवणीचे मसाले झाले. आज टायरबद्दल लिहिते. हसू नका. ज्यांची मुलं थंड मुलखात आहेत आणि कुठलाही खर्च करण्याआधी फोनवर "आई, काय करू गं?" विचारतात, त्यांच्यासाठी आहे हे. कारण मी एकदा चुकीचं उत्तर दिलं होतं.

माझा धाकटा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथला असतो. सुपीरियर सरोवराच्या काठचं गाव, पण सगळं उतारावर. वरच्या अंगाचे रस्ते सरळ सरोवराकडे उतरतात. घर घेतल्यावर लाकूड-सामान आणायला म्हणून त्याने २००४ सालचा जुना पिकअप घेतला. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मागचा हौदा रिकामा. म्हणजे जी चाकं गाडी ढकलणार, त्यांच्यावरच वजन नाही.

२०२१ च्या थंडीआधी त्याचा फोन आला. हिवाळी टायर घ्यायचे आहेत, चार घेऊ की दोन? आमच्या दुकानाचा टेम्पो होता तेव्हा टायरचा हिशोब माझ्याच वहीत असे. एक जोडी नवी, एक जोडी रिमोल्ड, अशी आमची वर्षं गेली. मी लगेच म्हटलं, "अरे, ढकलतात मागचीच ना? मग मागे दोन नवे घे, पुढचे आहेत ते चालतील." निम्मे पैसे वाचले म्हणून मला बरंही वाटलं. बी.कॉम.चा उपयोग, आणखी काय!

पुढच्या डिसेंबरात मी तिथे होते. तिथे त्या दिवसांत साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून आमचं जेवण चारच्या सुमाराला. एकदा दुपारी दोघं सामान घेऊन त्या घाईत परत निघालो. उतारावर पुढे थांब्याची पाटी. मुलाने हळूच ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं. चाकं वळलेली मला दिसत होती, पण गाडी सरळच चालली होती. आवाज नाही, धक्का नाही. बर्फावर घसरताना काहीच ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. पाटी मागे गेली, चौक ओलांडला आणि पुढचं चाक कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतलं तेव्हा थांबलो. आडव्या रस्त्यावरून कोणी येत नव्हतं, एवढंच आमचं पुण्य. माझा णमोकार अर्ध्यावरच राहिला होता.

मुलगा खाली उतरून पुढच्या टायरवर हात फिरवून आला. मला काही बोलला नाही. मला समजायचं ते समजलं. मागचे नवे टायर गाडी छान पळवत होते. वळवणं मात्र पुढच्यांच्या हातात, थांबवण्याचा मोठा भारही त्यांच्यावरच, आणि ते मी जुने ठेवायला लावले होते. उलट केलं असतं तरी बरं नव्हतं, मग मागचा भाग गिरकी घेतो. चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा फक्त निघताना मदत करते. थांबायचं असतं टायरच्याच भरवशावर.

त्या रात्री आम्ही दोघांनी जरा अभ्यास केला. मला कळलं ते माझ्या भाषेत सांगते. थंडीत खोबरेल गोठतं, गोडेतेल वाहतं राहतं. टायरच्या रबराचंही असंच. तिथे ऑल सीझन म्हणून विकतात ते टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतात. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. नुसतं "एम+एस" लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नये, ते फक्त नक्षीच्या ठेवणीबद्दल आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र असलं तर तो टायर दाबलेल्या हिमावर तपासलेला असतो. हिमावर, काचेसारख्या बर्फावर नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि आमचं झालं होतं ते काचेवर.

आणखी एक नवलाची गोष्ट. मला वाटायचं, जितकी थंडी जास्त तितकं घसरणं जास्त. पण शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा घसरडा असतो, वर पाण्याचा पातळ थर येतो म्हणून. आणि उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ फारसं काम करत नाही. टायरला लोखंडी खिळे लावून घेऊ म्हणावं, तर मिनेसोटाच्या रहिवाशांना ते वापरायची मनाई आहे. रस्ते खरवडले जातात.

मग खरेदी. इथे माझी जुनी खोड पुन्हा वर आली. कोणीतरी चार हिवाळी टायर विकत होता, नक्षी खोल, किंमत निम्मी. मी म्हटलं, बघून तरी येऊ. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे. तिथे होतं ३८११. म्हणजे २०११ सालातला ३८ वा आठवडा. टायर झिजला नव्हता, पण अकरा वर्षं वाळला होता. नखाने दाबलं तर नख रुतेना. घसारा फक्त वापराने होतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. गाडी वळवली आणि परत आलो.

शेवटी चार नवे घेतले. मापासाठी दाराच्या चौकटीवरचं लेबल पाहायचं. त्याच्यावर २२५/७०आर१५ होतं. दिसायला भारी म्हणून रुंद टायर घेऊ नयेत. अरुंद टायर ताज्या हिमातून चिरत जातो. हवेचा दाबही त्या लेबलवरचाच, टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. ५-६ अंश थंडी वाढली की दाब सुमारे एक पौंडाने उतरतो, आणि इतक्या जुन्या गाडीत तो सांगणारा दिवा नाही, २००८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना ती सोय सक्तीची आहे. म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, मापक लावायचा असं ठरलं.

टायर १२० डॉलरला एक, ४८० झाले. वेगळ्या लोखंडी रिम २८० च्या. सुनेला रिमचा खर्च जास्त वाटला. पण एकाच रिमवर टायर काढ-घाल करायला दुकानदार एका खेपेला ८० घेणार, वर्षातून दोन खेपा. रिम असल्या तर मुलगा घरीच जॅक लावून चाकं बदलतो. दोन हिवाळ्यांच्या आत रिमचे पैसे निघतात. शिवाय उन्हाळी टायर हिवाळाभर विश्रांती घेतात, तेही जास्त टिकतात. हा हिशोब मात्र माझा बरोबर होता, तेवढं श्रेय घेते.

हौद्यात २७-२७ किलोच्या वाळूच्या चार पिशव्या ठेवल्या. अगदी शेवटी नाही, मागच्या आसाच्या वर, आणि पट्ट्याने घट्ट बांधून. नाहीतर जोराचा ब्रेक लागला की त्याच पुढे धावून येतात. चाक रुतलं तर एक फोडून वाळू टाकताही येते.

त्याच उतारावरून पुन्हा जायची वेळ आठ दिवसांनी आली. मुलगा एरवीपेक्षा बराच आधी ब्रेकवर आला. गाडी थोडी कुरकुरली आणि पाटीच्या अलीकडे हातभर थांबली. मी म्हटलं, "त्या दोन टायरचं माझंच चुकलं रे." तो म्हणाला, "अगं आई, दोन घेतले मीच ना! मी तरी कुठे वाचलं होतं?" आणि मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला, म्हणून निघालो.

एप्रिलच्या शेवटी त्याने फोटो पाठवला. तळघरात चारही चाकं रचून ठेवलेली, प्रत्येकावर खडूने मराठीत लिहिलेलं: पुढे डावं, पुढे उजवं, मागे डावं, मागे उजवं. "डावं" चा काना त्याने अजूनही आखूडच काढला आहे.