उलाळ की धुरजड?

नवी एसयूव्ही घेताना आपण काय काय विचारतो? मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन, ईएमआय. ‘मागे काही जोडलं तर पुढच्या चाकांवर किती वजन उरेल?’ असं शोरूममध्ये विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. पण महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलंय आणि गाडीमागे चाकांवरचं घर जोडून भटकायची स्वप्नं आता आपल्यालाही पडू लागलीत. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आपल्या पार्किंगमध्ये येणार!

आमच्या घरात तो टेक्सासमार्गे आला. तिथे आयटीत असलेल्या माझ्या मामेभावानं ट्रेलर घेतला. सामानासकट वजन २७०० किलो. पहिल्याच ट्रिपला हायवेवर तो शेपटीसारखा डोलायला लागला. एसयूव्हीत वहिनी आणि दोन लेकरं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, वेग उतरू देत दादानं गाडी कशीबशी कडेला घेतली. घरी पोहोचताच वहिनीचा निकाल : विकून टाक.

मामा राहतात जालन्यात, मस्तगडला. १७२५ साली बांधलेल्या गढीमुळे नाव मिळालेला हा भाग. मामांचं अर्धं आयुष्य बैलगाडीवर गेलं, उरलेलं ट्रॅक्टरवर. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “गाडी उलाळ व्हती का धुरजड?”

दादा गप्प. मग मामांनी समजावलं. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की धुरजड. मग बैलाचा खांदा सुजतो.

ट्रेलरचंही तेच. दादानं सायकली आणि पाण्याचे कॅन पार मागे रचले होते. म्हणजे उलाळ! अशा ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे हिचवर यायला हवा. सामान पुढे सरकवल्यावर तो ३३० किलो भरला. डोलणं थांबलं, पण आता एसयूव्हीचं बूड बसलं आणि नाक वर. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कमी होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणजे गाडी धुरजड!

इथे कामी येतं ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’. त्याचे दोन पोलादी स्प्रिंग बार तरफेसारखे काम करतात आणि मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. मात्र गाडीची ओढायची क्षमता त्यानं वाढत नाही आणि चुकीचं रचलेलं सामानही सुधारत नाही.

सेटिंग सपाट जागी, टायरमध्ये नेमकी हवा आणि ट्रिपचं पूर्ण सामान भरून करायचं. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजायची. दादाची मापं अशी : ट्रेलर न जोडता ९० सेंटिमीटर, जोडल्यावर ९४, बार ताणल्यावर ९१. वाढलेल्या उंचीपैकी निम्मी तरी खाली यावी, पण मूळ मापाच्या खाली जाऊ नये. नेमकं किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. ताण कमी पडला तर साखळीची एक कडी वर घ्यायची किंवा हिचचं डोकं थोडं कलवायचं. बार अडकवताना जॅकनं दांडी उचलून घ्यायची, नाहीतर ताणलेला बार उसळून हात मोडू शकतो.

मेन्टेनन्स? बॉल आणि बारची टोकं पुसून ग्रीस लावणं, टॉर्क रेंचनं बोल्ट तपासणं, पिना आणि क्लिपा बघणं, वेल्डिंगला तडा नाही ना याची खात्री करणं. “आम्ही वंगण पाजायचो तसंच की,” मामा म्हणाले. ट्रॅक्टरच्या नाकापुढे लोखंडी वजनं का टांगतात, तेही मला त्याच दिवशी कळलं. पुढची चाकं जमिनीवर राहावीत म्हणून!

ट्रेलर अजून विकलेला नाही. पण प्रत्येक ट्रिपआधी टेक्सासहून मस्तगडला मेसेज जातो : ‘पुढे ९१.’ मामांचं “हां, निघा” आल्याशिवाय वहिनी सीटबेल्ट लावत नाही.