जेर महालातली संध्याकाळ

मैत्रीला बसण्याची एक जागा लागते, आणि ती जागा दोघांपैकी कोणाच्याही मालकीची असून चालत नाही, असे माझे दीर्घ अनुभवान्ती बनलेले मत आहे. मित्राच्या घरी गेलो म्हणजे त्याच्या घरच्यांची चहाफराळाची धावपळ, नातवंडांचे अभ्यास आणि शेजाऱ्यांची ये-जा यांतून मिळेल त्या सवडीने आपले बोलणे तुकड्यातुकड्यांनी पुढे न्यावे लागते. तो आपल्याकडे आला म्हणजे तेच सारे संकोच आपल्या वाट्याला येतात, आणि स्नेह कितीही जुना असला तरी यजमान आणि पाहुणा ही दोन नाती मध्ये येऊन बसतातच. म्हणूनच धोबीतलावावरच्या जेर महाल इमारतीतले 'कयानी आणि कंपनी' हे इराण्याचे हॉटेल आम्हां दोघांना आमच्या घरांइतकेच, किंबहुना काही बाबतींत घरांहूनही अधिक, आपले वाटत आलेले आहे.

माझा हा स्नेही लघुवाद न्यायालयात बेलीफ होता. ते न्यायालय येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि घरमालक व भाडेकरू यांचे मुंबईतले बहुतेक तंटे तेथेच चालत असल्यामुळे, समन्स बजावीत आणि ताबा-वॉरंटे घेऊन त्याने गिरगाव-काळबादेवीपासून लालबागपर्यंतचे जिने आयुष्यभर तुडवले. सेवानिवृत्तीनंतर तो कल्याणला राहावयास गेला; मी मात्र ठाकुरद्वारच्या जुन्या चाळीतच राहिलो. आता महिन्या-दोन महिन्यांनी तो गाडीने बोरीबंदरला उतरतो, कामा इस्पितळाच्या कडेने सावकाश चालत येतो, आणि मेट्रो चित्रपटगृहाच्या चौकात मी त्याची वाट पाहत उभा असतो.

गेल्या श्रावणातली ती संध्याकाळ पावसाने उघडीप दिलेली होती. आत शिरताच डाव्या-उजव्या बाजूच्या काचेच्या बरण्यांतली बिस्किटे, उंच छत, वर माळ्याकडे जाणारा लाकडी जिना, लाल चौकटींची मेजवस्त्रे आणि वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या त्या काळ्याभोर खुर्च्या यांनी नेहमीप्रमाणे आमचे स्वागत केले. भिंतीकडेचे टेबल मोकळे होते. पोऱ्याने न विचारताच दोन पाणी-कम चहा आणि एक ब्रून मस्का आणून ठेवला. मित्राने ब्रूनचा तुकडा मोडला तेव्हा झालेला तो कोरडा, कुरकुरीत आवाज ऐकून त्याच्या मुद्रेवर जे समाधान उमटले, ते मी शाळेच्या दिवसांपासून ओळखतो. ब्रूनची मातब्बरी अशी की, वरचे कवच दाताला दाद देत नाही आणि आतला गाभा मात्र लोण्यासह चहात बुडवताच विरघळतो. हे दोन्ही गुण एका पावात आणावयाचे तर भट्टीचा ताव आणि भट्टीवाल्याचा हात दोन्ही पक्के असावे लागतात. २०२५ च्या आरंभी उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधन वापरावे असा हुकूम दिला, त्याचा विषय मी काढला. गॅसच्या भट्टीतला पाव असा लागेल काय, ही माझी काळजी. मित्र म्हणाला, "अरे, माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. धूर कमी होणार असेल तर पाव थोडा मऊ झालेला मी चालवून घेईन." यावर मला उत्तर नव्हते, आणि ते देण्याची इच्छाही झाली नाही.

हे हॉटेल १९०४ सालचे. इराणात, विशेषतः यझ्द आणि केरमान या प्रांतांत, जरथुश्त्री रयतेवर जिझिया कर होता. तो १८८२ मध्ये उठला, परंतु त्याआधीच्या दशकातला भीषण दुष्काळ आणि पिढ्यान्पिढ्यांचा जाच यांमुळे कित्येक कुटुंबे मुंबईचा रस्ता धरती झाली होती. येथे येऊन त्यांनी चहाची दुकाने थाटली, आणि तीही बहुधा नाक्यावरच्या कोपऱ्यांत. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून सोडून देत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे जुने लोक सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे उघडणारी दारे आणि दोन्हींकडून येणारा वारा व उजेड यांनी इराण्याच्या हॉटेलाला जे मोकळेपण दिले, ते शहरातल्या अन्य उपाहारगृहांना क्वचितच लाभले.

या मोकळेपणाचे एक कायदेशीर कारण माझ्या मित्रानेच मला एकदा समजावून दिले होते, आणि त्या संध्याकाळी त्याच विषयाकडे आम्ही पुन्हा वळलो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते त्यालाच प्रमाण मानले. पुढे १९९९ चा नवा कायदा आला तरी जुन्या कुळांचे भाडे बाजारभावाच्या आसपासही फिरकले नाही. "दोन कप चहावर तास-दीड तास बसू देणे मालकाला परवडते ते या गोठलेल्या भाड्यामुळे," तो म्हणाला. "नवे भाडे लागले, तर याच टेबलावर अर्ध्या तासात तीन गिऱ्हाइके बसवावी लागतील." पण त्याने दुसरी बाजूही तितक्याच निष्ठेने पाहिलेली होती. भाड्याच्या तुटपुंज्या उत्पन्नात इमल्याची डागडुजी होत नाही, मालक वैतागतो, कुळ हटत नाही, आणि अखेर एखाद्या पावसाळ्यात जिनाच खचतो, अशा कित्येक वास्तूंच्या दारांवर त्याने नोटिसा डकवल्या होत्या. एका वृद्ध विधवेच्या खोलीचा ताबा घ्यावयास तो गेला असता, तिने भांडीकुंडी बाहेर काढण्याआधी त्याला पाणी विचारले, ही हकिकत त्याने मला पूर्वीही सांगितली होती. या वेळी सांगताना त्याने तिच्या चाळीचे नाव प्रथमच उच्चारले, आणि नंतर बराच वेळ तो बशीतला चहा ढवळीत राहिला. मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात एक गोष्ट मला उमगली आहे, की त्याला अशा वेळी सांत्वन नको असते. समोर कोणीतरी बसलेले हवे असते.

दुसरा चहा आला तेव्हा तो आपणहून आपल्या आज्याविषयी बोलू लागला. मंडणगडाकडच्या एका खेड्यातून तो गोदीत कामाला आलेला, जातीने महार. गिरगावातल्या एका खाणावळीत त्याला चहा मिळे तो बाहेर ओट्यावर, वेगळ्या कपात, आणि तो कप त्यालाच विसळून उपडा घालावा लागे. "इराण्याकडे मात्र," मित्र म्हणाला, "आजा आत येऊन टेबलाशी बसायचा. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्या घरात इराण्याचं नाव देवासारखं घेत." याच शहरात माझे आजोबा अंडे शिजते म्हणून इराण्याची पायरी चढणे म्हणजे बाटणे समजत, आणि शेजारच्या मुलांनाही तशीच ताकीद देत. त्या दोन वृद्धांना एका टेबलाशी बसलेले मी कल्पनेतही पाहू शकत नाही. त्यांचे दोन नातू मात्र त्याच शहरातल्या संगमरवरी टेबलांशी कोपराला कोपर लावून वाढले. मी या हॉटेलांवर जो जीव टाकतो त्याचे मूळ चहात नाही, पावातही नाही, ते येथे आहे.

तथापि मित्र मला भाबडेपणाने बोलू देत नाही. "सगळे इराणी-पारशी तसेच होते असं समजू नकोस," तो म्हणाला. "बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा पारशी विश्रामगृहात राहिले होते. जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या पारश्यांनीच त्यांना बाहेर काढलं." हे त्याने कडवटपणाने सांगितले नाही, न्यायालयातला एखादा दस्तऐवज वाचून दाखवावा तितक्या स्थिर आवाजात सांगितले. आणि मग पावाचा उरलेला तुकडा माझ्या बशीत ठेवून तो म्हणाला, "पण इथल्या इराण्याने आमच्या आज्याला टेबल दिलं, हेही तितकंच खरं."

पुढे आम्ही समोरच्या 'बस्तानी'ची आठवण काढली. तिला टाळे लागूनही आता बराच काळ लोटला. निसीम एझिकेल यांची इराणी हॉटेलातल्या सूचनांवरची इंग्रजी कविता तिथल्याच पाटीवरून सुचली, असे म्हणतात. मालकांची मुले डॉक्टर, इंजिनिअर होऊन परदेशी गेली, पहाटे भट्टी पेटवावयास घरचे कोणी उरले नाही, आणि जागेची किंमत धंद्याच्या कितीतरी पटींनी वाढली. अशी एकामागून एक हॉटेले मिटत गेली. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या पिढीने इराण सोडले तिने आपल्या नातवंडांना यापेक्षा सुखाचे दिवस यावेत म्हणूनच सोडले होते.

गल्ल्याशी आमचा नित्याचा दंडक पाळला गेला: गाडीने येणाऱ्याने पैसे द्यावयाचे नाहीत. त्याने खिशात हात घातला, मी तो दाबून धरला, गल्ल्यावरच्या गृहस्थांनी माझीच नोट उचलली. घरी नेण्यासाठी मित्राने पाव किलो खारी बांधून घेतली आणि मावा केकची चौकशी केली. ते संपले होते.

"पुढच्या खेपेला सकाळीच ये," मी म्हणालो. "अकुरीही खाऊ."

"सकाळच्या गाडीला उभं राहायला जागा मिळत नाही रे."

"मग रविवारी ये."

"रविवारी येतो," तो म्हणाला, आणि खारीचा पुडा काखेत सांभाळून बोरीबंदरच्या दिशेने रस्ता ओलांडू लागला.