मोटारीचा मूळ हात

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं माझ्या मामांकडे महिनाभर राहण्याचा योग आला. मामा जुन्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांचा कारखाना दोन गाड्या उभ्या राहतील एवढाच. परंतु जॅग्वार मोटारी त्याच शहरीं बांधल्या गेल्या असल्यामुळें त्यांच्याकडे त्या जातीच्या गाड्या वरचेवर येतात. तेथें घडलेली एक गोष्ट, तींत माझी शोभा झाली नसली तरी, शाळासोबत्यांस सांगावीशी वाटते.

एके दिवशीं सकाळीं एक वृद्ध बाई आपली जॅग्वार एक्सके १२० ही उघडी गाडी घेऊन आल्या. गाडी १९५१ सालची होती. बाईंचे यजमान आदल्या वर्षीं वारले होते. त्यांनीं ती तीस वर्षांपूर्वीं, सारी शिल्लक खर्चून, ‘मूळची उजव्या स्टिअरिंगची’ म्हणून विकत घेतली होती. आतां बाईंच्या घराचें छप्पर गळूं लागलें होतें, म्हणून गाडी विकणें भाग होतें. गिऱ्हाईकही मिळालें होतें. मात्र गाडी मूळची उजव्या हाताची आहे असें मामांनीं लिहून द्यावें, ही त्याची अट होती.

या गोष्टीला एवढें महत्त्व कां, हें मला मामांनीं समजावून सांगितलें. इंग्लंडांत आपल्याप्रमाणेंच वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, म्हणून चालक उजवीकडे बसतो. अमेरिकेंत याच्या उलट. ही गाडी १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली आणि १९५४ पर्यंत सुमारें १२,००० गाड्या तयार झाल्या. महायुद्धानंतर इंग्लंडास परदेशी चलनाची फार निकड होती. म्हणून बहुतेक गाड्या डावें स्टिअरिंग बसवून परदेशीं, विशेषतः अमेरिकेस, धाडल्या गेल्या. पुढें हौशी लोकांनीं त्यांतील पुष्कळ गाड्या परत आणून स्टिअरिंग उजवीकडे नेलें. या गाडींत घड्याळें व कांटे मधोमध असतात, त्यामुळें हा बदल सहज ओळखूं येत नाहीं. मूळच्या उजव्या हाताच्या गाड्या थोड्या, म्हणून त्यांस किंमत अधिक.

“केवळ चाक कोणत्या बाजूस आहे तें पाहून कांहींच ठरत नाहीं, बाळ,” मामा म्हणाले. “फ्रान्समध्यें वाहनें उजवीकडून जातात, तरी तेथील बुगाटी गाड्यांचें स्टिअरिंग उजवीकडेच असे. स्वीडनमध्यें ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत लोक डावीकडून जात, पण बहुतेक मोटारींचें चाक मात्र डावीकडे! गाडीला तिचा क्रमांक विचारावा.” एक्सके १२० च्या उघड्या गाड्यांत उजव्या हाताचे क्रमांक ६६०००१ पासून, तर डाव्या हाताचे ६७०००१ पासून सुरू होतात. दुसरा अंक पाहिला कीं झालें.

एवढें ऐकतांच मी बॉनेटकडे धांवलों. आंतील पत्र्याच्या पाटीवर ६६ नें सुरू होणारा क्रमांक स्पष्ट होता. मामा हत्यारें आणावयास गेले होते, त्यांची वाट न पाहतां मीं बाईंना मोठ्यानें सांगून टाकलें, “आपली गाडी अस्सल आहे!” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. “माझे यजमान कधीं चुकत नसत,” असें म्हणून त्या आनंदानें घरीं गेल्या.

मामा मला रागें भरले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पाटीकडे बोट दाखविलें. पाटी जुनी, पण तिचे स्क्रू नवे होते! नंतर त्यांनीं चासीच्या लोखंडावरील तेलकट मळ रॉकेलच्या फडक्यानें पुसून काढला. तेथें लोखंडांतच ठोकलेला दुसरा क्रमांक हळूहळू वर आला. तो ६७ नें सुरू होत होता. इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतींत, डाव्या बाजूस, स्टिअरिंगचा दांडा जाण्याचें भोंक ठिगळ जोडून बुजविलें होतें. वरून रंग दिल्यामुळें तें डोळ्यांस दिसत नव्हतें, बोटांस मात्र लागत होतें.

“पाटी कोणालाही बदलतां येते,” मामा म्हणाले. “काल बाईंना तूं सांगितलेंस, आजही तूंच सांग.”

त्या सायंकाळीं बाईंच्या दारापर्यंतची वाट मला फार लांब वाटली. मीं सर्व हकीकत सांगून क्षमा मागितली. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “म्हणजे माझ्या यजमानांनीं मला खोटें सांगितलें?” मी म्हणालों, “नाहीं. त्यांनाही कोणीतरी फसविलें होतें. त्यांनीं पाटी वाचली, आणि मींही तेंच केलें.” त्यावर त्या किंचित् हंसल्या व म्हणाल्या, “मग तुझ्या मामांस जें खरें असेल तेंच लिहावयास सांग.”

मामांनीं जॅग्वारच्या जुन्या नोंदी जतन करणाऱ्या संस्थेकडून दाखला मागविला. मी निघण्यापूर्वीं तो आला. त्यांतही डावें स्टिअरिंग व अमेरिकेस रवानगी अशीच नोंद होती. पहिलें गिऱ्हाईक निघून गेलें. दुसऱ्यानें सर्व जाणून गाडी घेतली, पण कमी किंमतीस. त्या पैशांत छपराचा अर्धा भागच दुरुस्त झाला, असें मामांच्या पत्रावरून कळलें. पत्र वाचून मला वाईट वाटलें. पण त्याच पत्रांत, बाई अधूनमधून कारखान्यांत चहास येतात आणि माझी चौकशी करतात, असेंही होतें.

तेव्हांपासून एखादी गोष्ट पक्की म्हणून सांगण्याचा मोह झाला, कीं मला तें रॉकेलचें फडकें आठवतें, आणि मी पाटी सोडून आधीं लोखंड पाहतों.