हवा किती जाते?

काळा धूर नव्हता, एवढ्या एका गोष्टीवरून मी टर्बो बदलायचं काम थांबवलं. नाहीतर गाडीची अवस्था बघता कुणालाही तसंच वाटलं असतं. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, आणि तरी मागून ट्रकचे हॉर्न. सपाटीला ठीक चालायची, पण पिकअप म्हणून नाहीच. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा कायम. एका गॅरेजात म्हणाले टर्बो गेला, दुसरीकडे म्हणाले इंजेक्टर उतरवून बघू. दोघांनीही गाडी ठेवून जायला सांगितलं.

गाडी ठेवून येणं आमच्या कशेळ्यात सोपं नसतं. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण पेशंटला पुढे न्या म्हटलं की ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे त्याला आधी हाक येते. रात्री दोनला आलेल्या हाकेला ‘गाडी गॅरेजला आहे’ म्हणून सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून ठरवलं, आधी अंगणातच बघायचं.

माझं इंजिन १२४८ सीसीचं डिझेल. मूळ फियाटचं, आपल्याकडे मारुती आणि टाटांच्या गाड्यांतही बसलेलं. अजून रस्त्यावर भरपूर आहेत. त्यात फिल्टरच्या डब्यातून निघालेली हवा टर्बोकडे जाताना वाटेत एक सेन्सर ती मोजतो. तो एअर फ्लो सेन्सर. हवा कमी आली असं त्याने सांगितलं, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, डिझेल देताना हात आखडता घेतो. गाडी ओढत नाही, पण धूरही होत नाही. टर्बोच्या पुढचा पाइप फुटला तर उलट होतं: मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र मापाप्रमाणे पडतं, आणि मागे काळा लोट उठतो. माझ्या गाडीमागे लोट नव्हता. टर्बोची शिट्टीही नेहमीसारखीच होती.

मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा छोटा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावला की कोड दिसतो. माझा होता पी०१०१: हवेचं माप जुळत नाही. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणत नाही, आणि इथेच पुष्कळ पैसे वाया जातात. कोड वाचला, सेन्सर बदलला, दिवा चार दिवसांनी परत. माप का जुळत नाही, ते आपणच शोधायचं असतं.

ते शोधायला शाळेतलं गणित पुरतं. इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे १५०० वेळा १.२४८ लिटर, सेकंदाला सुमारे ३१ लिटर. आपल्याकडच्या उन्हात एक लिटर हवा साधारण १.१६ ग्रॅम भरते. म्हणजे टर्बो नसता तर सेकंदाला जास्तीत जास्त ३६ ग्रॅम. टर्बो हवा दाबून भरतो, तेव्हा आकडा त्याच्या वर जायला हवा. भाच्याच्या हातात स्कॅनरचे आकडे दाखवणारा मोबाइल दिला आणि कडावच्या बाजूला मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबली. निम्म्या ॲक्सिलरेटरवर आकडा खरा कळत नाही, कारण ईजीआर वॉल्व्ह धुराड्यातला थोडा वायू परत आत सोडत असतो. पूर्ण दाबल्यावर तो मिटतो. भाचा मागे सरकून बसला आणि आकडे मोठ्याने वाचत गेला. ३००० ला इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब १७० किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पावणेदोन पटीजवळ. टर्बो जिवंत होता. आणि सेन्सर सांगत होता, ३० ग्रॅम. दाबलेली हवा तापते, विरळ होते, हे धरूनही आकडा चाळिशीच्या पुढे हवा होता.

दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. पण सेन्सरला खोटं ठरवण्याआधी एक शंका उरते. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप चिरला असेल, तर न मोजलेली हवा चोरवाटेने आत जाते आणि आकडा तसाच कमी दिसतो. या पाइपात ओढ असते, त्यामुळे साबणाचे बुडबुडे येत नाहीत. मी इंजिन चालू ठेवून पेटती उदबत्ती पाइपाच्या प्रत्येक घडीजवळून, क्लॅम्पच्या कडेने सावकाश फिरवली. चीर असती तर धूर आत ओढला गेला असता. तो सरळ वर जात राहिला. मल्टिमीटरने वायरही बघितल्या. इथे भात घरात आलं की उंदीर बोनेटमध्ये शिरतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक.

मग चावी बंद करून, कनेक्टरची खिट्टी दाबून सेन्सर सोडवला. दोन स्क्रू, बस्स. नळीच्या आत बारीकसा मार्ग असतो आणि त्यात नखाएवढी पातळ चकती. तिचा मधला भाग विजेने तापवलेला असतो. वाहती हवा एका बाजूचं तापमान उतरवते, आणि दोन्ही बाजूंच्या फरकावरून हवा किती गेली ते कळतं. तापलेली तार वाऱ्यात किती निवते याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ लुई किंग यांनी १९१४ मध्ये मांडला होता, आणि पुढे बॉशने तारेचे सेन्सर गाड्यांत बसवले. त्या तारेच्या सेन्सरमध्ये इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर १००० अंशांच्या आसपास लाल तापून धूळ जाळून टाके. या चकतीला तशी सोय नाही. जी धूळ बसली, ती बसली.

आणि बसली होती. टॉर्चच्या उजेडात चकतीवर विटकरी रंगाचा थर दिसला, गाळ सुकल्यावर असतो तसा. तो थर पांघरूण बनतो: हवा वाहते पण चकती पुरेशी निवत नाही. मी फक्त सेन्सरसाठी मिळणारा क्लीनर लांबून फवारला. बोट, कापूस, ब्रश काही लावायचं नाही. कार्बोरेटर क्लीनर तर मुळीच नको. ती चकती त्यातून वाचत नाही. पूर्ण सुकू दिलं. हे काम पाच मिनिटांचं.

पण चकतीवर धूळ येतेच कशी, फिल्टर असताना? हे विचारल्याशिवाय झाकण लावलं असतं तर दोन महिन्यांनी परत तेच. फिल्टरचा डबा उघडला. वरच्या, स्वच्छ बाजूच्या भिंतीवर एका कोपऱ्यातून सुरू झालेला धुळीचा बारीक माग होता. फिल्टर दिसायला ठीक, पण त्याची रबरी कड त्या कोपऱ्यात खाचेत बसलीच नव्हती. बोटाने दाबली तरी वर यायची. आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, पाऊस पडेपर्यंत मातीचे ट्रॅक्टर चालू असतात. तेवढी फट इंजिनाला पुरेशी होती. खरं भय सेन्सरचं नाहीच, ही माती सिलिंडरच्या भिंती आणि टर्बोची पाती घासते, आणि ते क्लीनरने निघत नाही.

बरोबर मापाचा फिल्टर घेतला, डबा आतून ओल्या फडक्याने पुसला, कडेला सगळीकडून बोट फिरवून झाकण लावलं. कोड पुसला. तोच रस्ता, तोच गिअर, मागे भाचा. ३००० ला आकडा ५० च्या वर गेला, दाबही वाढला, कारण आता डिझेल पूर्ण मिळत होतं. ‘मामा, हळू,’ म्हणाला तो. बोरघाटात आता तिसरा पुरतो.

शेजारच्यांच्या पिकअप गाडीचीही पुढे तीच तक्रार आली. ओढत नाही, आणि त्यांनी सेन्सरची किंमतसुद्धा विचारून ठेवली होती. तिच्यामागे मात्र काळा लोट होता. म्हणून फिल्टरकडे न जाता आधी टर्बोच्या पुढचे पाइप बघितले. एका वळणावर क्लॅम्प सैल होऊन पाइप अर्धा निघाला होता, कडेला तेलकट काजळी. क्लॅम्प नवा घातला, आणि त्या दुपारीच ते खांडसला माल घेऊन गेले.