स्तन वाचवला तर आयुष्य कमी होते का?

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत पंचेचाळिशीच्या एक ताई दवाखान्यात आल्या. स्तनात दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ होती. तपासणीत कर्करोग निघाला, पण सुरुवातीच्या टप्प्यातला. नागपूरच्या सर्जनने फक्त गाठ व तिच्याभोवतीचा थोडा भाग काढू, असे सुचवले होते. ताईंना ते पटत नव्हते. म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, पुरंच काढून टाका. थोडं ठेवलं त मरन घरात ठेवल्यावानी होईन."

पूर्वी मलाही असेच वाटायचे. काही रुग्णांना मी तसा सल्लाही दिला, त्याची रुखरुख आजही आहे.

खरे काय आहे ते समजून घ्या. इटलीतील मिलान येथे डॉ. वेरोनेसी यांनी १९७३ पासून अशाच लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्या गटाचा फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन दिले. वीस वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. अमेरिकेत डॉ. फिशर यांच्या १,८५१ स्त्रियांच्या अभ्यासातही हेच दिसले.

असे का? जिवाला धोका असतो तो रक्तातून इतर अवयवांत पोहोचलेल्या पेशींचा. स्तन जास्त कापून त्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी गरजेप्रमाणे केमोथेरपी किंवा हार्मोनच्या गोळ्या असतात.

मात्र एक अट आहे: रेडिएशन पूर्ण करायचे. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्या १०० पैकी सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली. घेतलेल्यांपैकी सुमारे १४ जणींना.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खरी अडचण इथेच येते. रेडिएशन साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असते. बहुतेकांना त्यासाठी नागपूरला राहावे लागते. शेत, मुले, मजुरी सोडून कसे जायचे? म्हणून ऑपरेशनआधीच राहण्याची सोय ठरवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, तेही विचारा. रेडिएशन पूर्ण होणे शक्यच नसेल, स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील किंवा छातीला आधी रेडिएशन झाले असेल, तर पूर्ण स्तन काढणे अनेकदा योग्य ठरते. त्यात कमीपणा नाही.

ताईंच्या घरी आम्ही सगळे बसून बोललो. वेचणी जावेने सांभाळली, ताई नागपूरला भाचीकडे राहिल्या आणि एकही दिवस चुकवला नाही. आता ठरल्या वेळी तपासणीला येतात.

हा पर्याय त्यांना मिळाला, कारण गाठ लहान असतानाच त्या आल्या. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. या आठवड्यातच दाखवा.